उद्याचा भूशास्त्रज्ञ कसा घडवावा?

भूशास्त्राच्या पदवीचा अभ्यासक्रम कसा असावा, यावर कामगार चळवळीतल्या माणसाने बोलावे हे काहींना विचित्र वाटेल. आमच्या नावापुढे पदवी नाही. जे थोडे भूशास्त्र आम्हांस येते ते ग्रंथालयातल्या पुस्तकांतून आणि खाणीत उतरणाऱ्या माणसांच्या तोंडून आलेले आहे. परंतु जमिनीच्या पोटात उतरतो तो कामगार, आणि त्या पोटात काय दडले आहे हे सांगतो तो भूशास्त्रज्ञ. एकाच्या शिक्षणातली उणीव दुसऱ्याला जिवानिशी भरून द्यावी लागते.

27 डिसेंबर 1975 रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत वरच्या जुन्या, सोडून दिलेल्या कामात साचलेले पाणी मधली आड फोडून खाली कोसळले आणि 375 कामगार बुडून मेले. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, 2 फेब्रुवारी 2001 रोजी, झरिया भागातल्या बागडिगी खाणीत शेजारच्या जुन्या कामातले पाणी असेच शिरले आणि 29 माणसे गेली. या दोन्ही ठिकाणी कोळसा कोठे आहे हा प्रश्नच नव्हता. तो सर्वांस ठाऊक होता. प्रश्न होता तो असा, की जुनी पोकळी कोठवर गेली आहे, तिच्यात पाणी किती आहे आणि मधली भिंत किती जाड उरली आहे.

आता पदवीचा जुना अभ्यासक्रम पाहा. खनिजे ओळखावीत, स्फटिकांची रूपे सांगावीत, जीवाश्मांची नावे पाठ करावीत, स्तरांचा क्रम लावावा. या विद्येला आम्ही नावे ठेवीत नाही. तिच्यावाचून पुढचे काहीच उभे राहत नाही. पण तिची सारी घडण 'शोधण्या'साठी झाली आहे. आपल्याकडे भूवैज्ञानिक सर्वेक्षण 1851 साली सुरू झाले तेच मुळी मुख्यतः कोळशाच्या शोधापायी. काढून झाल्यावर मागे काय उरते, याचा विचार त्या घडणीत फारसा नाही.

अमेरिकेत याचा फेरविचार पद्धतशीर झाला. 2014 च्या जानेवारीत टेक्सासमधील ऑस्टिन येथे सुमारे दोनशे अध्यापक व इतर जाणकार जमले; पुढे नोकऱ्या देणाऱ्यांनाही विचारले गेले आणि 2021 साली सगळ्याचा अहवाल निघाला. त्याचे सार असे, की कोणते विषय शिकवले याची यादी दुय्यम होय. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्याच्या अंगी कोणत्या संकल्पना आणि कोणती कौशल्ये मुरली, हे मुख्य. डोळ्यांपुढच्या दगडावरून तिन्ही मितींत खाली काय असेल याची कल्पना करता येणे, लाखो वर्षांचा काळ मनात धरता येणे, आकडेमोड आणि संगणक वापरता येणे, चारचौघांना समजेल असे लिहिता-बोलता येणे, आणि अपुऱ्या माहितीवर निर्णय घेताना आपली खात्री किती ते सांगता येणे. आमची तक्रार एवढीच, की 'मालकांस काय हवे' हा प्रश्न अर्धाच आहे. जो बोगद्यात शिरणार आणि जो डोंगराखाली राहणार, त्याला काय हवे, हा उरलेला अर्धा.

खात्री किती, या मुद्द्यावर जरा थांबू. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि आठ ते दहा हजार माणसे गेली. त्या वेळच्या नकाशात तो भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 2002 साली नकाशा सुधारला, पहिला पट्टा रद्दच झाला आणि तो भाग तिसऱ्यात गेला. नकाशा करणारे लबाड नव्हते. त्यांच्याजवळ जेवढी माहिती होती तेवढ्यावर त्यांनी रेघ ओढली. पण 'धोका कमी' हे शब्द लोकांनी 'धोका नाही' असे वाचले, आणि चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती व वर मातीची माळवदे तशीच राहिली. विद्यार्थ्याला रेघ ओढायला शिकवतात. त्या रेघेवर किती भरवसा ठेवावा, हे गावकऱ्याला कसे सांगायचे, तेही शिकवले पाहिजे.

महाराष्ट्राच्या बहुतेक भागाखाली काळा पाषाण आहे, थरावर थर. विहीर खणणाऱ्याला मुरूम कोठे, मांजऱ्या कोठे आणि घट्ट कातळ कोठे लागतो हे हाताने कळते. पाणी फटींत आणि सच्छिद्र थरांत मुरते, कातळात नाही. आमच्या मते येथल्या पदवीचा पाया पाणी हाच असावा, आणि दुसरा पाय डोंगरउतार. 30 जुलै 2014 ला माळीण, 22 जुलै 2021 ला तळिये, 19 जुलै 2023 ला इर्शाळवाडी: तिन्ही वेळा मुसळधार पावसात डोंगर खाली आला. हाच पाषाण उद्या निराळ्या कामीही येईल. आइसलंडमध्ये पाण्यात विरघळवलेला कर्बवायू अशाच जातीच्या खडकात सोडला, तेव्हा दोन वर्षांच्या आत त्यातला सुमारे 95 टक्के दगड होऊन बसला, असे 2016 साली प्रसिद्ध झाले.

आणि कोळसा संपल्यावर? जर्मनीच्या रूर भागातली शेवटची दगडी कोळशाची खाण बॉट्रॉप येथे 2018 च्या डिसेंबरात बंद झाली. जमीन खचलेली, खाली पोकळी. पाणी उपसणे थांबवता येत नाही. जर्मन लोक याला 'अनंतकाळची कामे' म्हणतात. बोखुम येथील तांत्रिक विद्यालयाने 2013 पासून 'खाणीनंतरचे' शास्त्र शिकवायला आरंभ केला. तो वरच्या पदवीचा क्रम आहे, पण त्याची तोंडओळख आपल्या चंद्रपूर-वणीकडच्या मुलांना पहिल्याच पदवीत व्हावी. खाण बंद होताना कामगाराचे काय, हा प्रश्न आम्ही मांडतोच. जमिनीचे आणि पाण्याचे काय, हे मांडणारा शिकलेला माणूस शेजारी असला तर आमचेही बळ वाढेल.

मुलींबद्दल एक शब्द. 1952 च्या खाण कायद्याने स्त्रियांना जमिनीखालचे काम बंद होते. 2019 साली ते अटींसह खुले झाले. तेव्हा क्षेत्रभेटीला मुली नकोत, ही जुनी सबब आता चालणार नाही. राहण्याची सोय करावी. भेटीचा खर्चही महाविद्यालयाने सोसावा, नाहीतर गरिबाचा मुलगा दगड पेटीतच पाहील.

परीक्षेविषयी आमची सूचना अशी. विद्यार्थ्याला एका जुन्या खाणीचा नकाशा किंवा उतारावरचे एक गाव द्यावे. त्याने तेथे आठ दिवस राहावे, पाहावे, मोजावे. आणि मग तेथल्याच माणसांपुढे, त्यांच्या बोलीत, काय दिसले आणि काय दिसले नाही ते सांगावे. परीक्षकांत एक प्राध्यापक असावा आणि एक विहिरीवरचा किंवा खाणीतला अनुभवी माणूस, आणि दोघांचेही गुण धरले जावेत. हे तीन तासांच्या लेखी परीक्षेपेक्षा खर्चाचे आहे खरे. पण नव्या धोरणाने आमच्या राज्यात क्षेत्रप्रकल्पाला आणि प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक दिलेलेच आहेत; ते एखाद्या कचेरीत कागदांच्या प्रती काढण्यात घालवण्यापेक्षा येथे घालवलेले बरे.