भूकंप नसतानाची भूमी

ज्या दिवशी पृथ्वीच्या पाठीवर कोठेही उल्लेखनीय भूकंप झालेला नसतो, त्या दिवशीही भूकंपमापकाची रेषा सरळ राहत नाही. रस्त्यावरील वाहने, कारखान्यांची धडधड, झाडांच्या मुळांवाटे जमिनीत उतरणारा वाऱ्याचा हेलकावा आणि या सर्वांहून दूरगामी असा सागरलाटांचा आघात यांमुळे भूमी अहोरात्र अतिसूक्ष्म कंप पावत असते. आणि दूरच्या लहान भूकंपाचा क्षीण तरंग या गोंगाटात बुडून जात असल्यामुळे, वेधशाळेची जागा मुक्रर करण्यापूर्वी, आणि त्यानंतरही वेळोवेळी, या गोंगाटाची मोजदाद करावी लागते.

या कंपांस केवळ उपद्रव मानणे मात्र अन्यायाचे होईल. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे संचालक सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी भूकंपलेखांवर उमटणाऱ्या सूक्ष्मकंपांचा अरबी समुद्र व बंगालचा उपसागर यांतील वादळी हवामानाशी मेळ घालून १९३० साली जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्याने हा गोंगाट समुद्रावरील वादळाचा दाखला ठरू शकतो, हे दाखवून दिले. परंतु लाटेचा जोर खोल सागरतळापर्यंत पोचत नसताना तळ हलतो कसा? याचा उलगडा १९५० साली इंग्रज गणिती लाँगे-हिगिन्स यांनी केला: परस्परविरुद्ध दिशांनी येणाऱ्या समान लांबीच्या लाटा एकमेकींस भिडल्या म्हणजे दाबाचा असा चढउतार उत्पन्न होतो, की जो खोलीबरोबर विरत नाही आणि ज्याची वारंवारता लाटेच्या दुप्पट असते. चौदा सेकंदांच्या लाटेतून सात सेकंदांचा कंप निघतो तो असा.

मोजण्याची रीत कारकुनी चिकाटीची आहे. अखंड नोंदीचे तासातासाचे तुकडे पाडून, प्रत्येक आवर्तकालाला, म्हणजे एका हेलकाव्यास लागणाऱ्या वेळेला, कंपाची शक्ती किती ते डेसिबलमध्ये आलेखावर मांडतात, आणि अमेरिकेतील पीटरसन यांनी १९९३ साली जगभरच्या ७५ केंद्रांवरून परम शांततेची व परम गोंगाटाची अशा ज्या दोन सीमारेषा आखून दिल्या, त्यांच्याशी या आकड्यांची रुजवात करून पाहतात. सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आवर्तकालाला या रेषांमध्ये सुमारे ७६ डेसिबलांचे, म्हणजे शक्तीच्या हिशेबाने जवळजवळ चार कोटी पटींचे, अंतर आहे. मॅक्नामारा व ब्यूलंड यांच्या २००४ सालच्या पद्धतीत तर भूकंपाच्या नोंदी वेचून काढण्याचीही तसदी घेत नाहीत. महिनोन्महिन्यांच्या तुकड्यांत त्यांचे प्रमाण नगण्यच ठरते. यंत्राचा बिघाडही याच आलेखावर उघडा पडतो: नोंद शांततेच्या रेषेच्याही खाली गेली, तर अंमलदाराने जागेचे कौतुक न करता आधी तारा तपासाव्यात.

माणसाचा वाटा किती, हे २०२० च्या टाळेबंदीत दिसले. जगातील अनेक केंद्रांवर जलद कंपांचा गोंगाट निम्म्यापर्यंत उतरला. एरवी त्यावर उपाय दोनच, दूर जाणे किंवा खोल जाणे. दक्षिण ध्रुवावरील केंद्राने दोन्ही केले. तेथील यंत्रे वस्तीपासून आठ किलोमीटरांवर, बर्फात सुमारे तीनशे मीटर खाली आहेत. आणि १९६७ च्या भूकंपाने हादरलेल्या कोयनेच्या परिसरात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने आपली यंत्रे सुमारे एक ते दीड किलोमीटर खोल विवरांत उतरविली असून, पृष्ठभागावरच्या गोंगाटात हरवणारे लहान धक्के तेथे नोंदले जातात.