पहिला पाग

भाल्याने मासा मारायचा तर तो आधी दिसला पाहिजे. रंगीत जाहिरातींत ही साधी गोष्ट कुठे लिहिलेली नसते. तिथे असतात रबरी पट्ट्यांच्या ताणावर भाला सोडणाऱ्या बंदुका, लांब पात्यांचे फिन, मास्क, स्नॉर्केल आणि कमरेला बांधायचे शिशाचे पट्टे. हे सगळं पाहून हरखलेल्या पनवेलच्या तरुणाने पैसे मोजण्यापूर्वी एकदा खाडीकाठी जावं आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून खाली बघावं. स्वतःची पावलंही दिसणार नाहीत.

गाढी, काळुंद्रे, कासाडी या नद्या पनवेलच्या खाडीत गाळ आणून टाकतात आणि दिवसातून दोनदा भरती तो ढवळून काढते. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. एवढं पाणी अरुंद खाडीत शिरतं आणि निघतं, तेव्हा चिखलाला तळाशी बसायला उसंतच मिळत नाही. भाल्याची बंदूक निवडताना जगभर पहिला प्रश्न विचारतात तो पाण्याच्या नितळपणाचा. तीन-चार मीटरपर्यंतच दिसत असेल तर पाऊण मीटरच्या आसपासची आखूड बंदूक, स्वच्छ निळ्या पाण्यात मीटरभराहून लांब. पनवेलच्या खाडीला हा हिशेब लावला तर भाल्याला जागाच उरत नाही.

महाराष्ट्रात नितळ समुद्र म्हटलं की मालवण आठवतं. पण तिथला सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे भाला न्यायचा नाही. मास्क लावून बघायला मात्र जरूर जावं. मास्क घेताना तो पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने हलका श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर आपल्या चेहऱ्याचा, नाहीतर दुसरा बघायचा. पाण्याखाली काचेतून मासा खऱ्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने मोठा दिसतो आणि जवळही भासतो, म्हणून नवख्या माणसाचे अंदाज चुकतात. आणि दम रोखून बुडी मारायची असेल तर एकट्याने कधीच नाही. बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेतले की वर येताना शुद्ध हरपू शकते, आणि ती हरपण्याआधी शरीर कसलीच सूचना देत नाही.

पनवेल तालुक्यात मासा डोळ्यांनी हेरून मारण्याची एक वेळ असते, ती पहिल्या पावसात. ओढे फुगतात, पाणी शेतांत पसरतं आणि मासे प्रवाहाविरुद्ध उथळ पाण्यात चढतात. हीच वळगण. रात्री बत्ती घेऊन माणसं बांधावरून फिरतात आणि वीतभर पाण्यात सळसळणाऱ्या माशावर कोयत्याचा घाव घालतात. पाण्यात प्रकाश वाकतो, त्यामुळे वरून पाहताना मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो. जो दिसेल तिथेच मारेल त्याचा घाव माशाच्या वरून जातो. जाणता माणूस जरा खाली नेम धरतो. या रात्रींची मजा अनेकांच्या लहानपणाशी जोडलेली आहे. तरीही नवशिक्याने सुरुवात इथून करू नये. चढणीचे हे मासे अंडी घालायला निघालेले असतात. त्यांना वाटेतच गाठलं तर पुढच्या वर्षीची वळगण तेवढीच रोडावते.

मग या गढूळ पाण्यासाठी हत्यार कोणतं? खाडीकाठच्या कोळी आणि आगरी माणसांनी त्याचं उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवलं आहे. मासा दिसत नसेल तर तो असेल त्या जागेवर गोल जाळं टाकायचं. हाच पाग. शेंड्याला दोर आणि खालच्या काठाला शिसं लावलेलं हे जाळं हवेत उघडतं, पाण्यावर गोल पडतं आणि तळाला टेकून आतलं सगळं कोंडून घेतं.

पहिला पाग विकत घेताना नवशिक्याचा हात हमखास मोठ्याकडे जातो. मोठा घेर, जास्त मासे, असा सरळ हिशेब. प्रत्यक्षात नीट न उघडलेला मोठा पाग पाण्यावर लांबट पट्टीसारखा पडतो आणि पूर्ण उघडलेला छोटा पाग त्याहून अधिक पाणी झाकतो. चार ते पाच फूट त्रिज्येचा पाग शिकण्यासाठी पुरेसा आहे. त्याचं वजनही तपासायचं. त्रिज्येच्या प्रत्येक फुटामागे साधारण अर्धा किलो शिसं, हे धरून चालायचं प्रमाण. त्याहून हलका पाग ओहोटीच्या ओढीत तळाला पोचेपर्यंत वाहत जातो आणि मासा काठाखालून सुटतो. फार जड घेतला तर पंधरा-वीस फेकांत खांदा भरून येतो.

नंतर आस, म्हणजे जाळ्याचा डोळा. बारीक आसाचा पाग कोलंबीला चांगला, पण तो पाण्यात सावकाश बुडतो आणि बोटभर पिल्लंही गोळा करतो. मोठ्या आसाचा पाग झपकन बसतो, पिल्लं त्यातून निसटतात, आणि बोयीसारख्या चपळ माशासाठी तोच बरा. बोयी पाण्याच्या वरच्या थरात थव्याने फिरतात आणि जराशी सावली पडली की उड्या मारून पांगतात. रायगडात ज्याला मानाचा मासा समजतात त्या जिताड्याची पिल्लंही याच खाडीत वाढतात, म्हणून नवशिक्याने बारीक आसाचा मोह टाळलेला बरा. धाग्यात निवड दोनच. तंगूस ताठ असतो, पाण्यात दिसत नाही आणि उघडतो छान, पण जुना झाला की तडकतो. पिळाचा नायलॉन मऊ असतो. तो हातावर चांगला बसतो आणि सांधायला सोपा, म्हणून शिकणाऱ्याने तोच घ्यावा.

दुकानात पाग उलगडून बघायला संकोच करू नये. शेंडा धरून तो उंच टांगायचा आणि काठाकडे नीट बघायचं. शिशाचे मणी एकमेकांपासून सारख्या अंतरावर आहेत का? कुठे चार बोटांची फट राहिली असेल तर मासा नेमका तिथूनच जाणार. मग पाग जमिनीवर पसरायचा. चांगला विणलेला पाग सपाट गोल बसतो. एखाद्या बाजूला फुगा धरला किंवा काठ आत ओढला गेला तर विणताना घरं वाढवण्यात गफलत झालेली असते, आणि असा पाग कितीही सराव केला तरी नीट उघडत नाही. काठाच्या आतल्या बाजूला जाळं दुमडून बांधलेल्या पिशव्या असतात. पाग वर ओढताना मासा त्यांत अडकतो. त्यांच्या गाठी ओढून पाहाव्यात.

टाकायची रीत अशी. दोराचा फास डाव्या मनगटात, दोराची वेटोळी त्याच हातात. पागाचा वरचा भाग मुठीत धरून काठाचा एक भाग डाव्या कोपरावर टाकायचा आणि उरलेल्या काठाचा निम्मा उजव्या हातात घ्यायचा. मग जोर लावायचा तो कमरेतून. शरीर मागे वळतं, पुढे येतं आणि उजवा हात सुटतो, त्या क्षणी पागाला फिरकी मिळते आणि शिसं बाहेर धावतं. काठ आधी उजव्या बाजूने उघडतो आणि शेवटी कोपरावरचा भाग निसटतो. हा शेवटचा भाग अर्धा क्षण जरी लवकर सुटला तरी गोल मोडतो. पागाने तळ गाठला की दोर सैल पडतो. तेवढी वाट बघायची आणि मग सावकाश ओढायचं, म्हणजे शिसं तळावरून सरकत एकत्र येतं. घाईने ओढलं तर काठ उचलला जातो. जुनी माणसं शिशाचा एक मणी दातांत धरून पाग टाकायची. शिसं विषारी आहे, म्हणून नव्याने शिकणाऱ्याने ही रीत उचलू नये, कोपर पुरतं. सराव मोकळ्या मैदानात, गवतावर करावा. तिथे पडलेला गोल डोळ्यांना दिसतो आणि चूक कुठे झाली ते लगेच समजतं.

आकडीकडेही एक नजर टाकायला हवी. पनवेलच्या चिखलात भाल्याच्या सगळ्यांत जवळचं हत्यार तेच: टोकाला वाकवलेली लांब लोखंडी सळी. तिवरांच्या मुळांजवळ चिंबोरीची बिळं असतात. सळी बिळात हळू सारायची आणि हाताला लागणाऱ्या खरवडीवरून ओळखायचं की आत दगड आहे, मूळ आहे की कवच. डोळ्यांचा इथे काहीच उपयोग नाही, सगळं मनगटावर. अंडी असलेली मादी निघाली तर ती परत बिळात सोडावी. आकडी चालवताना तिवराची फांदीही मोडू नये. खारफुटीच्या तोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर बंदी घातली आहे, आणि चिंबोरी टिकते ती या मुळांच्याच आधाराने.

उरलेलं सामान थोडकं. कालवांच्या कडा तळवे कापतात, म्हणून जाड तळाचे, पायाला घट्ट बसणारे बूट. शिंगाळीच्या काट्यांसाठी हातमोजे आणि पक्कड. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की वेदना उतरते. आणि एक पंचांग. मुंबईच्या किनाऱ्यावर तिथीचे पाऊण केले की भरतीची वेळ अंदाजे हाती येते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पनवेल खाडीच्या टोकाला असल्याने पाणी इथे जरा उशिरा पोचतं. भरती वळून ओढ लागली की मासा उथळ जागा सोडून नाळीकडे येतो, तेव्हा पाग हातात तयार हवा.

हे पाणी मात्र पूर्वीचं राहिलेलं नाही. उलवे नदीचा प्रवाह वळवून ११६० हेक्टरांवर नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचं उद्घाटन झालं. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी कासाडीत जात असल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालू आहेत. उरणजवळच्या बंदराच्या कामांनी मासेमारीची जागा गेल्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये उरण, हनुमान, गव्हाण आणि बेलपाडा या कोळीवाड्यांतल्या १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितलं. हौसेने पाग घेणाऱ्याने हे जाणून असावं, कारण ज्या काठावर तो शिकायला उभा राहतो तिथे दुसऱ्या कुणाची चूल पेटते. कोळीवाड्यातल्या माणसाला विचारून जागा घ्यावी, त्याचा पाग पडत असेल तिथून दूर राहावं आणि कासाडीचं पाणी मिसळतं त्या बाजूचा मासा खाण्यासाठी आणू नये.

घरी आल्यावर पाग गोड्या पाण्याने धुवायचा आणि सावलीत टांगायचा. उन्हाने नायलॉन कमकुवत होतो. फाटलेली घरं त्याच दिवशी सांधून टाकायची. त्यासाठी जाळं विणायची सुई आणि त्याच जाडीचा दोरा पहिल्या खरेदीतच घेऊन ठेवावा.