क्रूझवर मागची बाल्कनी घ्यावी का?

महाड-पोलादपूरकरांनो, मुंबईहून गोव्याच्या क्रूझचा बेत असेल तर आधी डेकचा नकाशा बघा. कॉर्डेलिया क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस' जहाज १९९० सालचं. त्या काळच्या जहाजांत बाल्कन्या मोजक्याच.

अगदी मागच्या टोकाला बाल्कनी मिळाली तर जहाजामागे उमटत जाणारा फेसाळ पांढरा पट्टा तासन्‌तास बघत बसावं. समोरचा वाराही अंगावर येत नाही. गोव्याकडे जाताना मावळता सूर्य डाव्या हाताला! पण लाटांत टोकंच जास्त वरखाली होतात, आंबेनळी घाटातल्या एसटीच्या मागच्या सीटसारखी. खालच्या मजल्यांवर प्रोपेलरची थरथर वेगळीच. डोक्यावर रेस्टॉरंट असेल तर रात्री खुर्च्या सरकल्याचे आवाज ऐका!

गाडी लागत असेल तर बाल्कनीचा हट्ट सोडा आणि मधली, खालच्या डेकवरची केबिन घ्या.