घर सांभाळताना – भाग ९ : गराजचं दार

अमेरिकेतल्या आपल्या घरांमध्ये गराजच्या दाराइतकी मोठी आणि जड हलती वस्तू दुसरी नसते. दोन गाड्यांचं दार १६ फूट रुंद असतं आणि वजन सहज दीडशे पौंडांच्या पुढे जातं. बटण दाबलं की ते निमूट वर जातं, त्यामुळे वर्षानुवर्षं त्याच्याकडे कुणी पाहत नाही.

हा भार मोटर पेलत नाही, दाराच्या वर आडव्या दांड्यावर बसवलेली स्प्रिंग पेलते. दार खाली येताना स्प्रिंगला पीळ बसतो आणि त्याच पिळाच्या जोरावर ते पुन्हा वर जातं. साधी स्प्रिंग सुमारे १०,००० उघडझापींसाठी बनवलेली असते. दिवसाला चार धरल्या तर जेमतेम सात वर्षं. ती तपासायची तर दार पूर्ण बंद असताना मोटरजवळची लाल दोरी ओढा, दार हाताने कमरेपर्यंत उचला आणि पकड हळूहळू सैल करा. दार जागेवर थांबलं तर समतोल ठीक आहे. घसरलं किंवा आपसूक वर गेलं तर कारागीर बोलवा. दार उघडं असताना मात्र ही दोरी ओढू नका. स्प्रिंग तुटलेली असेल तर सगळं वजन एकदम खाली येतं.

दाराखाली सापडून लहान मुलांचे जीव गेले, म्हणून अमेरिकेत कायदा झाला. १ जानेवारी १९९३ पासून बनलेल्या प्रत्येक घरगुती ओपनरमध्ये माणूस अडकू नये अशी सोय सक्तीची आहे. ती चालू आहे ना, हे दर महिन्याला बघा. चौकटीच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून सहा इंचांच्या आत सेन्सर असतात. दार खाली येत असताना त्यांच्यामधून केरसुणीचा दांडा फिरवा. दार लगेच उलटं फिरलं पाहिजे. मग दाराच्या वाटेत टू-बाय-फोरची लाकडी फळी आडवी ठेवा. फळीला टेकताच दार दोन सेकंदांत माघारी फिरायला हवं. यातली एक जरी चाचणी फसली, तरी दुरुस्ती होईपर्यंत ओपनर वापरू नका.

सेन्सरवर कोळिष्टक आलं किंवा धक्क्याने तो वाकडा झाला की दार बंद होत नाही. अशा वेळी बरेच जण भिंतीवरचं बटण दाबून धरतात आणि दार खाली आणतात. दाबून धरलेलं बटण सेन्सरला जुमानत नाही, म्हणून ही सवय मला फार धोक्याची वाटते. मऊ फडक्याने काच पुसा, सेन्सर समोरासमोर आणा; बहुतेकदा तेवढ्याने भागतं.

तेलपाण्याचं काम थोडंच आहे. वर्षातून दोनदा बिजागऱ्या, चाकांचे बेअरिंग आणि स्प्रिंग यांवर सिलिकॉन किंवा लिथियमचा स्प्रे मारा. रूळ नुसते पुसा.

भारतातून आई-बाबा मुक्कामाला आले असतील तर त्यांना लाल दोरी दाखवून ठेवा, आणि दाराच्या दोन फळ्यांमधल्या फटीत बोटं घालू नका, हे नातवंडांच्या देखत सांगा. बाकी सगळं घरच्या घरी करा, पण स्प्रिंग, तिची तार आणि ती तार जिथे अडकवलेली असते तो खालचा कोपरा यांना पाना लावू नका. ते काम कारागिराचंच आहे.