मागचे तीन दाते

जर्मनीतील फ्रायबुर्ग शहरात संशोधनासाठी राहत असताना मी एक वापरलेली विजेची सायकल घेतली होती. मोटर पायडलच्या आसापाशी, आणि आठ गिअर मागच्या चाकाच्या हबमध्ये बंदिस्त. गावातले रस्ते सपाट. पण आमचे घर ब्लॅक फॉरेस्टच्या चढावर. मागच्या आसनावर मुलगी बसली, की मोटर चालू असूनही पहिल्या गिअरमध्ये माझे गुडघे कुरकुरत. मागचे दंतचक्र मोठे बसवले की काम झाले, असे मला वाटले होते.

प्रथम हबच्या आत काय असते ते पाहू. मध्यभागी आसाला घट्ट बसवलेले 'सूर्य' चक्र, त्याभोवती फिरणारी लहान 'ग्रह' चक्रे आणि सर्वांभोवती आतून दाते असलेले कडे. ग्रहचक्रांची चौकट फिरवून कडे फिरवले, तर वेग वाढतो. कडे फिरवून चौकट फिरवली, तर वेग घटतो व जोर वाढतो. मूळच्या इंग्लंडमधील स्टर्मी-आर्चर कंपनीची तीन वेगांची हबे विसाव्या शतकाच्या आरंभापासून याच तत्त्वावर चालत आली आहेत. माझ्या सायकलीच्या शिमानो हबमध्ये अशा चक्रांचे अनेक संच होते. पहिल्या गिअरमध्ये मागच्या दंतचक्राच्या एका फेऱ्यात चाकाचा ०.५२७ फेरा होई, आठव्यात १.६१५ फेरे.

हे आकडे कारखान्यात ठरतात, आपल्याला बदलता येत नाहीत. आपल्या हातात असते ते पुढच्या व मागच्या दात्यांचे गुणोत्तर. ते बदलले, की आठही गिअर एकाच प्रमाणात सरकतात. म्हणजे चढावर जे मिळवाल, त्याची किंमत सपाटीवर मोजावी लागते.

माझ्या सायकलीला पुढे ३८ व मागे १६ दाते होते, गुणोत्तर २.३७५. चाकाचा परीघ २.२ मीटर. मिनिटाला पायडलचे ६० फेरे धरले, तर पहिल्या गिअरमध्ये ताशी ९.९ कि.मी. आणि आठव्यात ३०.४ कि.मी. वेग येतो. तेथील कायद्याप्रमाणे अशा सायकलीची मोटर २५ कि.मी.च्या पुढे मदत करत नाही. म्हणजे माझा आठवा गिअर जवळजवळ शोभेचाच! मागे १९ दाते घातले, तर गुणोत्तर नेमके २ होते. पहिल्या गिअरचा वेग ८.३ आणि आठव्याचा २५.६. गमावण्यासारखे काहीच नाही.

मग २२ दाते का नकोत? चढ आणखी सोपा झाला असता. पण येथे तरफेचा नियम आडवा येतो. समजा, पाय आणि मोटर मिळून पुढच्या दंतचक्रावर १२० न्यूटन-मीटर आघूर्ण देतात. चेनमधील ताण तेवढाच राहतो, पण मागचे चक्र मोठे झाले की त्या ताणाची भुजा लांबते. हबमध्ये शिरणारे आघूर्ण १६ दात्यांना सुमारे ५०, १९ ना ६० आणि २२ ना जवळपास ७० न्यूटन-मीटर होते. गुडघ्यांना दिलासा मिळतो, भार पडतो तो त्या लहानग्या ग्रहचक्रांवर. म्हणून हब बनवणारे किमान गुणोत्तर ठरवून देतात, आणि मोटर असताना ते अधिकच कसोशीने पाळावे लागते. मोटर पुढच्या चाकात असेल, तर तिचा जोर चेनमधून जातच नाही. तेथे फक्त पायांचा विचार पुरतो.

दाते मोजताना एक फसगत संभवते. बॉशच्या काही जुन्या मोटरींवर पुढचे चक्र अगदी लहान, १५ दात्यांचे वगैरे दिसते. ते पायडलच्या एका फेऱ्यात अडीच फेरे घेते, म्हणून हिशेबात ते साडेसदतीस दात्यांचे धरावे.

मी १९ दाते बसवले. काम तासाभराचे. चाक काढायचे, स्प्रिंगचे कडे पेचकसाने उचकायचे, चक्र बदलायचे. तीन दाते वाढल्याने चेन सुमारे दीड कडीने अपुरी पडते. मी तिच्यात दोन कड्यांची एक जोडी घातली आणि चाक खाचेत तीनेक मिलिमीटर मागे सरकवले. शेवटी चौथ्या गिअरवर ठेवून हबवरच्या दोन पिवळ्या रेषा समोरासमोर आणल्या. हे विसरल्यास गिअर भर चढावर निसटतो. पहिल्या दिवशी मी विसरले होते. मुलीला उतरवून उरलेला चढ सायकल ढकलत पार केला.