स्वभावाला औषध आहे

'स्वभावाला औषध नाही' ही म्हण आपण सर्रास वापरतो. रागीट नवरा, आळशी मुलगा, व्यसनी भाऊ यांच्याविषयी बोलताना ती हमखास ओठावर येते. ती खरी मानली तर शील आणि शिक्षण यांचा उपयोग काय? याच समजुतीचे उग्र रूप म्हणजे जन्मावरून माणसाचे गुण ठरविणारी जातिव्यवस्था होय.

तथागतांनी या समजुतीच्या मुळावरच घाव घातला. वासेट्ठ सुत्तात ते दाखवून देतात की झाडे, किडे, पशू, पक्षी यांच्या जाती अंगावरच्या खुणांनी वेगळ्या ओळखता येतात. माणसामाणसांत तशी जन्मजात खूण नाही. माणूस ओळखायचा तो कर्मावरून.

मग स्वभाव म्हणजे काय? रूप, वेदना, संज्ञा, संस्कार व विज्ञान या पाच स्कंधांचा समुच्चय म्हणजे माणूस. त्यात न बदलणारा आत्मा नाही. पुन्हा पुन्हा केलेल्या विचारांनी व कृतींनी मनाला जे वळण लागते, त्यालाच आपण स्वभाव म्हणतो. कोणी अपशब्द बोलला की मनात दुःखद वेदना उठते व पाठोपाठ द्वेष येतो. या दोहोंच्या मध्ये स्मृती जागी ठेवणे, हेच ते औषध.

आधुनिक विज्ञानही मेंदू घडतो असेच सांगते. लंडनमध्ये टॅक्सीच्या परवान्यासाठी हजारो रस्ते पाठ करावे लागतात. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवारांच्या मेंदूतील स्मरणाशी संबंधित भागात वाढ आढळली. अनुत्तीर्णांत ती आढळली नाही.

अर्थात बदल फुकट मिळत नाही. दरोडेखोर अंगुलिमाल भिक्खू झाला, तरी श्रावस्तीत भिक्षेला गेला असता त्याच्यावर दगड पडले. डोके फुटले, भिक्षापात्र फुटले, चीवर फाटले. तथागतांनी त्याला हे सहन करावयास सांगितले. मात्र त्याला पकडण्यास निघालेल्या राजा प्रसेनजितानेच त्याला चीवर व भोजन देऊ केले होते, हेही विसरू नये.

आज आपल्या वस्तीत एखादा दारू सोडतो, तेव्हा आपण काय करतो? 'हा तोच' म्हणून हिणवतो, की प्रसेनजितासारखे वागतो? स्वतःला बदलण्याचे कष्ट ज्याचे त्यानेच घ्यावयाचे असतात. बदललेल्या माणसाला जागा देणे मात्र समाजाचे कर्तव्य आहे.