कथा संपल्यावर आलेला वृषकेतु

आवडती कथा संपली तरी ऐकणाऱ्याचें मन तिला सोडीत नाहीं. हॅरी पॉटर नांवाच्या जादूगार मुलाच्या इंग्रजी कादंबरीमालेचा सातवा व शेवटचा भाग २००७ सालीं निघाला. परंतु तिचे चाहते नवीं पात्रें कल्पून ती कथा आपल्या लेखणीनें अजून पुढें नेत आहेत. ह्या लेखनास इंग्रजींत 'फॅन फिक्शन' म्हणतात. नांव नवें आहे. वस्तु मात्र महाराष्ट्राच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे.

कर्णपुत्र वृषकेतूचीच गोष्ट पाहा. युद्धानंतर पांडवांनीं अश्वमेध योजिला, तेव्हां यज्ञाचा घोडा आणावयास भीमाबरोबर भद्रावती नगरीस हा कोवळा वीर गेला; सोबत घटोत्कचाचा मुलगा मेघवर्ण होता. ज्या अर्जुनानें बापाला मारिलें त्याच्याच बाजूनें तो पुढें लढला, मणिपुरास बभ्रुवाहनाच्या हातून अर्जुनासह पडला, आणि श्रीकृष्णाच्या कृपेनें दोघेही पुनः उठले.

ही कथा व्यासांची नव्हे. व्यासांच्या भारतांत कर्णाचे मुलगे रणांतच पडतात. वृषसेनाला तर अर्जुन कर्णाच्या डोळ्यांदेखत मारितो. बभ्रुवाहनाचें युद्ध तेथें आहे. परंतु वृषकेतु, चंद्रहास, सुधन्वा, स्त्रीराज्याची राणी प्रमिला ही सर्व मंडळी 'जैमिनीय अश्वमेधा'ची. व्यासशिष्य जैमिनीनें सबंध भारत रचिलें व त्यांतील हें एकच पर्व उरलें, अशी परंपरा सांगते. अभ्यासक मात्र हा ग्रंथ पुष्कळच अलीकडचा मानितात. नाझरेकर श्रीधरस्वामींनीं तो मराठी ओवींत आणिला आणि 'पांडवप्रतापा'च्या श्रोत्यांना वृषकेतु घरचा झाला.

हा मुलगा कशाकरितां निर्माण झाला असावा? कर्ण हा तुमचा वडील भाऊ, हें कुंती पांडवांना सांगते तें तो मेल्यावर. धर्मराज शोकानें इतका व्याकुळ होतो कीं, स्त्रियांच्या पोटीं गुपित राहणार नाहीं, असा शापच देतो. (शाप सर्व स्त्रियांना कां, हें ज्याचें त्यानें ठरवावें.) पण पुढें काय? भावाला द्यावयास हातीं उरते ती तर्पणाची ओंजळ. तेवढ्यानें ऐकणाऱ्यांचें समाधान झालें नाहीं. भावावर करावयाची राहिलेली माया करण्यास पुतण्या हवा होता. तो कवीनें दिला. ह्याला खोटेपणा म्हणणें फार कठोर होईल.

खोटेपणाचा नव्हे, पण घोटाळ्याचा प्रश्न निराळ्या ठिकाणीं उभा राहतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर तिचे प्रमुख संपादक होते. काश्मीरच्या शारदा लिपीपासून मलबारच्या मल्याळम् लिपीपर्यंतच्या पोथ्या घेऊन श्लोकामागून श्लोक ताडून पाहण्यांत आला. एकमेकांपासून दूर राहिलेल्या प्रांतांच्या जुन्या पोथ्यांत जो भाग नाहीं, तो मागाहूनचा, असा साधारण न्याय. व्यासांनीं सांगावें आणि गणपतीनें लिहावें, ही प्रसिद्ध कथा अशीच परिशिष्टांत गेली. सभापर्वांत द्रौपदीनें केलेला श्रीकृष्णाचा धावाही मूळ पाठांत राहिला नाहीं. अनेक भाविकांना हें ऐकून आजही धक्का बसतो. तथापि संपादकांनीं कांहींच फेंकून दिलें नाहीं. लहान भर पानाच्या तळाशीं, मोठी भर परिशिष्टांत, आणि कोणत्या पोथींत आहे त्याची नोंद शेजारीं. काम १९६६ सालीं पुरें झालें.

जैमिनीचें पुस्तक निराळें होतें, म्हणून वृषकेतु कोठून आला तें चटकन् सांगतां येतें. व्यासांच्याच नांवावर गुपचूप मिसळलेलें ओळखावयास सत्तेचाळीस वर्षें आणि १,२५९ हस्तलिखितें लागलीं. भर घालणारानें एवढी तरी खूण ठेवावयास हवी होती.

दुसऱ्याच वर्षीं, १९६७ सालीं, पुण्याच्या काँटिनेंटल प्रकाशनानें 'मृत्युंजय' ही कादंबरी काढिली. तींत कर्ण स्वतःच बोलतो. त्याची पत्नी वृषाली बोलते, भाऊ शोणही बोलतो. मुखपृष्ठावर नांव शिवाजी सावंत ह्यांचें आहे.